मुंग्यांच्या वाट्याची साखर

पहिला दीड महिना तिला खायला काहीही द्यायचं नाही, असं नातीनं मला दोनदा बजावलं होतं. घरात आलेल्या बाईमाणसाला उपाशी ठेवायचं, अंधारात ठेवायचं आणि "काय गं, बरी आहेस ना" म्हणून उठसूट डोकावायचंसुद्धा नाही. असला पाहुणचार आमच्या घराण्यात कुणी कुणाचा केला नसेल.

ती म्हणजे मुंगळ्यांची राणी. उन्हाळी सुटी संपत आली होती. एका दमट संध्याकाळी आमच्या बुलढाण्याच्या घरात, न्हाणीपुढच्या ट्यूबलाइटखाली, पंखवाल्या मुंगळ्यांचा सडा पडला. मी झाडू आणायला गेले आणि परत येते तो नात फरशीवर पालथी. एक भलीमोठी काळी मुंगी आपलेच पंख पायानं ढकलून ढकलून मोडत होती. दोन मोडले, चार मोडले. मग पंख तिथेच टाकून, जणू चपला काढल्या आणि आत आली, अशी ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली.

"आजी, ही राणी! आता ही कधीच उडणार नाही," नात म्हणाली. ती बारा वर्षांची, पुण्याला राहते, आणि मोबाईलवर मुंग्या पाळणाऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून या विषयात माझी गुरू झालेली आहे. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून काचेच्या परीक्षानळ्या आणायला लावल्या. नळीच्या तळाशी पाणी. त्यावर कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे पाणी पाझरेल पण वाहणार नाही. बोळ्याच्या अलीकडे राणी. तोंडाशी आणखी एक बोळा. आणि सगळ्या नळीला लाल पारदर्शक कागद गुंडाळलेला.

"लाल कशाला गं?"

"मुंग्यांना लाल उजेड दिसत नाही. तिला वाटणार मिट्ट काळोख आहे. आपल्याला मात्र ती दिसते."

हे ऐकलं तेव्हा ट्यूबलाइट चालू असून माझ्या मानेवर काटा आला. आपण अंधारात एकटे बसलोय असं वाटावं, आणि काचेपलीकडून कुणी डोळा लावून बसलेलं असावं.

"आणि उपाशी जगेल कशी?"

"पंख हलवायचे जे स्नायू असतात ना, ते आता तिला नकोत. ते ती आतल्या आत विरघळवते आणि पिल्लांना भरवते."

"आणि जगते किती?"

"नीट सांभाळली तर तुझ्यापेक्षा..." नात थांबली आणि जीभ चावली. मी खो खो हसले. खोटं काय त्यात?

पुण्याच्या घरात मुंग्या ठेवायला तिच्या आईची परवानगी नव्हती. दिवाळीपर्यंत आईला पटवते, तोवर राणी तुझ्याकडे, असं ठरलं. निघताना तिनं गाडीच्या खिडकीतून माझा हात धरला. "दिवाळीला मला ती जिवंत पाहिजे, आजी. शब्द दे." मी शब्द दिला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि मग माझ्या लक्षात आलं की मुंग्यांच्या बाबतीत माझ्यावर भरवसा टाकणारी ही दुसरी. पहिलीचं काय झालं ते पोरीला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

पहिली म्हणजे माझी सासू.

लग्न होऊन मी वडनेर भोलजीला गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिकला दोनदा बसले होते, त्यामुळे आपण इतरांपेक्षा दुप्पट शिकलेल्या आहोत अशी माझी समजूत होती. सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. पिवळ्या पडलेल्या, हातापायाच्या काड्या झालेल्या, पण नजर अशी की भिंतीपलीकडचं दिसावं. आतल्या खोलीत, खिडकी नसलेल्या कोपऱ्यात त्यांची खाट होती. काही हवं असलं की हाक मारायचं बळ नव्हतं, म्हणून त्या खाटेच्या लाकडावर नख वाजवायच्या. टुक. टुक-टुक. म्हणजे पाणी.

कुणीतरी सांगितलं की घरच्या लक्ष्मीनं सव्वा महिना रोज सकाळी निंबाच्या बुडाशी मुंगळ्यांना पीठ-साखर घालावी, दुखणं उतरेल. साखर तेव्हा कार्डावर मिळायची. तिचा डबा कुलपात आणि किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. रोज पहाटे त्या पडल्या पडल्या किल्ली सोडून द्यायच्या, मी छोटी वाटी भरायची, त्या वाटी बघायच्या, मग मी निंबाखाली जायची.

आणि तिथे ही घरची लक्ष्मी इकडे बघायची, तिकडे बघायची आणि वाटीतली साखर तोंडात टाकायची. पीठ मात्र सगळं मुंगळ्यांना. पीठ मला आवडत नसे.

परत आले की खाटेवरून प्रश्न ठरलेला.

"आले का वं मुंगळे?"

"आले ना, आत्याबाई."

"किती?"

"शंभर."

"शंभर! एवढ्या सक्काळी?"

"हाव."

रोज शंभर! अगं, एखाद दिवशी ऐंशी म्हण, एखाद दिवशी पाऊणशे म्हण. चोरी करायची तर चोरीला लागतं तेवढं तरी डोकं हवं होतं. पण नाही. दोनदा मॅट्रिकला बसलेली ती बया रोज छातीठोकपणे शंभर सांगायची. पुढे तर तिची हाव वाढली. चिमूट चिमूट साखर पुडीत बांधून ती आपल्या लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली ठेवायला लागली. दुपारी भूक लागते म्हणे.

एका दुपारी धुणं वाळत घालून आत आले. आत्याबाई कुशीवर वळल्या होत्या. एरवी त्यांना वळवायला दोघी लागायच्या. त्या जमिनीकडे बघत होत्या. दाराच्या फटीतून मुंगळ्यांची काळी ओळ आत आली होती. खाटेच्या पायाला वळसा घालून, आत्याबाईंच्या नजरेखालून, सरळ माझ्या ट्रंकेपर्यंत गेली होती आणि कुलपाच्या भोकातून आत उतरत होती. जाणारे मोकळे, येणाऱ्यांच्या तोंडात पांढरा कण.

किती वेळ मी दारात उभी होते कोण जाणे. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे तुह्या शंभरातले दिसत नाहीत वं."

मी मान खाली घातली.

"त्याइच्या वाट्याचं तू खाल्लं. खाय बाप्पा, लेकरू हायेस. पन ध्यान ठेवजो, मुंगी इसरत नाही. एक डाव कोनाचं घर पाहून ठेवलं तं ते येतेच." आणि त्या हसल्या. कोरडं, खोकल्यासारखं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला रागावल्या असत्या तर मी ते विसरूनही गेले असते.

सव्वा महिन्यातले नऊ दिवस उरले होते. त्यातले आठ दिवस मी इमानानं वाटीभर साखर निंबाखाली ओतली. एकही मुंगळा आला नाही. संध्याकाळी जाऊन बघावं तर साखर तशीच, दवानं चिकट झालेली. ट्रंकेत नाहीत, दारात नाहीत, अख्ख्या अंगणात औषधाला मुंगळा नाही.

"आले का वं?"

"आले, आत्याबाई."

"किती?"

"शंभर," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. व्रताला एक दिवस राहिला असताना त्या गेल्या. काविळीनं गेल्या, हे मला कळतं. पण मला कळतं ते आणि मला वाटतं ते, यांची माझ्या आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही.

तर अशा बाईच्या हाती पोरीनं राणी दिली.

नळी मी स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या कपाटात, डाळीच्या डब्यांमागे ठेवली. तिथे ऊब असते. आठवड्यातून एकदा बघायची परवानगी होती. राणी बोळ्याला टेकून बसलेली असायची आणि तिच्या पुढ्यात खसखशीएवढी अंडी. मग त्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोश झाले. ती न खाता, न हलता बसून होती आणि तिच्या समोरचा पसारा वाढत होता. पोळा जवळ आला तेव्हा पहिली पोर बाहेर पडली. फिकट, काचेसारखी, राणीच्या चतकोरही नव्हती. पुढच्या पंधरवड्यात सहा झाल्या. सगळ्या पोरीच. मुंग्यांत कामाला पोरीच असतात, हे ऐकून मला नवल वाटलं नाही.

आता खाऊ घालायची मुभा मिळाली. काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर मावेल एवढाच साखरपाण्याचा थेंब. तीन दिवसांतून एकदा एक डास, हातानं मारलेला, औषधानं नाही. थेंब पोरी स्वतः पितात आणि तोंडातून राणीला पाजतात. डास मात्र थेट अळ्यांपुढे नेऊन ठेवतात. उरलंसुरलं लगेच काढायचं, नाहीतर बुरशी येते. एकदम मोठं घर द्यायचं नाही, लहान बिऱ्हाड मोठ्या घरात घाबरतं. म्हणून पेढ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात नळी आडवी ठेवली आणि तोंडाचा बोळा काढला. नळी म्हणजे माजघर, डबा म्हणजे अंगण. डब्याच्या काठाला आतून पावडरचा लेप दिला, म्हणजे पाय घसरतात आणि कुणी पळून जात नाही.

शेजारीण कढीपत्ता न्यायला येते. तिनं डबा बघितला. "मावशी, लोकं मुंग्या माराले खडू आनतात. तुमी त्याइले डास मारून खाऊ घालून राह्यल्या?"

"म्हातारपणी माणसानं कुणाला तरी घाबरून असावं," मी म्हटलं. ती हसली. मीही हसले, पण मी खरंच बोलले होते.

कारण तोवर आवाज सुरू झाला होता. दुपारी घर निवांत असलं की डाळीच्या डब्यांमागून यायचा. टुक. टुक-टुक. नातीला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली की मुंगळे भ्यायले की पोट आपटून आवाज करतात, पण एवढ्या लहानशा पोरींचा तुला ऐकू येणं शक्यच नाही. मला कानाला यंत्र लागतं. म्हटलं, यंत्राचाच काही खेळ असेल. काढून ठेवलं. मिक्सरचा, नळाचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा, सगळ्यांचा आवाज बंद झाला. तो बंद झाला नाही.

मग पितृपक्ष आला. आत्याबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान नवमीला. खीर, वडे, कढी, सगळं केलं. गाईचा वाटा, कुत्र्याचा वाटा, कावळ्याचा वाटा पानावर वेगळा काढला. चौथा मुंग्यांचा. दरवर्षी मी तो अंगणाच्या कडेला ठेवते. या वर्षी हातात पान घेऊन उभी राहिले आणि मनात आलं, घरातच आहेत की. अंगणातल्या परक्या मुंग्यांना कशाला?

ही माझी अक्कल. साखरपाण्याचा थेंब काडीच्या टोकावर मोजून देणारी मी, नवमीच्या दिवशी खिरीतली चार शितं, चांगली गोड, दुधात भिजलेली, चमच्यानं त्या डब्यात नळीच्या तोंडाशी ठेवून आले. हात जोडले. म्हटलं, घ्या.

कावळा मिनिटभरात आला. गाईनं खाल्लं. डब्यात एक पोर बाहेर आली, शितांना मिशा लावून बघितल्या आणि मागे सरकली. दुसरी आली, तीही तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो शितं दिसेनात. त्यांच्या जागी पांढरा ढीग. पोरींनी कापसाचे तंतू ओढून आणून शितं झाकून टाकली होती. डासांचे पाय, कोशांची सालं, जे मिळेल ते वर रचलं होतं. तिसऱ्या दिवशी सहातली एक मेली. तिलाही आणून त्या ढिगावर ठेवलं. माझ्याच डब्यात, माझ्याच हातच्या नैवेद्याला मूठमाती दिलेली होती.

मी खुर्चीत बसून राहिले. पान नाकारलं, हे सांगायला मला भटजी नको होता.

पण भीती वाटायला फुरसत मिळाली नाही. एवढा कापूस त्यांनी आणला कुठून? लाल कागदातून बघितलं. पाण्यापुढचा बोळा त्यांनी कुरतडून कुरतडून निम्मा केला होता. पाणी पाझरून राणीच्या पायांपर्यंत आलं होतं. पोरी अळ्या उचलून नळीच्या वरच्या अंगाला चिकटवत होत्या. राणी पाण्याच्या कडेला, हलत नव्हती.

नातीला व्हिडिओ कॉल लावला. तिचा चेहरा उतरला, पण आवाज शहाण्यासारखा होता. "हात लावायचा नाही, आजी. नवी नळी तयार कर, जुनीच्या तोंडाला तोंड लावून चिकटपट्टी लाव. जुनीचा लाल कागद काढ, तिच्यावर दिवा ठेव. नवी काळ्या फडक्यात गुंडाळ. त्यांना उजेड नको असतो, त्या आपणहून जातील."

"आणि नाही गेल्या तर?"

"मग राणी बुडेल. आजी, तू शब्द दिलाय."

ढिगाला धक्का न लावता नळी डब्यातून टेबलावर काढली आणि नवीला जोडली. टेबलाचा दिवा आणला आणि बसले. सकाळचे दहा वाजले असतील. अकराच्या सुमारास पहिली पोर एक अळी तोंडात धरून नव्या नळीत गेली, मोकळी परत आली. मग दुसरी गेली. बारापर्यंत सगळ्या अळ्या गेल्या, पाचही पोरी गेल्या. राणी तिथेच. एक पोर परत येऊन तिच्या पायाला धरून ओढत होती. राणी ढिम्म. पाणी तिच्या पोटाला लागलं होतं.

फोन वाजला. नात मधल्या सुटीत शाळेच्या ऑफिसातल्या फोनवरून बोलत होती.

"किती आल्या, आजी?"

तोच प्रश्न. सूरसुद्धा तोच, शेवटचं अक्षर जरा वर उचललेलं. पुण्याच्या पोरीच्या तोंडून मला खाटेवरचं माणूस बोललेलं ऐकू आलं. माझ्या ओठांवर "सगळ्या" आलं होतं. पोरीचा दिवस तरी बरा जाईल, संध्याकाळी बघू काय ते. इतकं सोपं होतं, पन्नास वर्षांपूर्वीइतकंच.

"पाच," मी म्हणाले. "राणी आली नाही. नवमीला मी खिरीची शितं घातली होती त्यांना. माझ्यामुळे झालंय हे."

पलीकडून बारीक आवाज आला, "बघत राहा, आजी. सोडून उठू नकोस." घंटा झाली आणि फोन बंद झाला.

मी नळीच्या जवळ तोंड नेलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानंच बोलले. "आत्याबाई, साखर मीच खाल्ली. पहिल्या दिवसापासून. आणि शेवटचे आठ दिवस मी घातली, पण एकही आला नव्हता. तुमाले मी शंभर सांगितले. एकही नव्हता."

"कोनासंग बोलून राह्यल्या, मावशी?"

मागे दारात शेजारीण उभी.

"सासूसंग."

तिनं माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, टेबलावरच्या नळ्यांकडे बघितलं. "मी मंग येतो," म्हणाली आणि कढीपत्ता न घेताच गेली.

मी वळले तेव्हा राणी हलली होती. पाण्यातून एक एक पाय उचलून ती चालत आली. दोन नळ्यांच्या जोडावर थांबली. तिथून पुढे काळोख होता, मागे दिव्याचा लख्ख उजेड, आणि आता मध्ये लाल कागद नव्हता. तिनं डोकं वळवलं, मिशा काचेवर टेकवल्या, नेमक्या माझ्या तोंडासमोर. इतके महिने मी तिला चोरून बघितलं होतं. आज पहिल्यांदा तीही मला बघत होती. किती वेळ, सांगता येणार नाही. मग ती आत गेली आणि फडक्याच्या काळोखात दिसेनाशी झाली.

संध्याकाळी नातीला कळवलं, "पाच आणि राणी. मोजून सांगतेय." ती फोनवर किंचाळली. तिच्या आईनं तिकडून काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं, आजीच्या घरचे सगळे सुखरूप आहेत."

त्यानंतर जुनी नळी धुवायला घेतली. डब्यातला तो ढीगही फेकायचा होता, बुरशी धरेल म्हणून. चिमट्यानं वरची मेलेली मुंगी बाजूला काढली. डासांचे पाय काढले. कापसाचा थर अलगद उचलला.

खाली शितं नव्हती. शितांची सालं होती, कागदासारखी, एकीला एक टेकून उभी, आणि आत पोकळी. दुधाचा ओलावा नाही, साखरेचा कण नाही. ढिगाच्या मागच्या अंगाला, मी बसायचे तिथून न दिसणाऱ्या बाजूला, एका मुंगीपुरतं भोक होतं. वरून सगळं झाकलेलं, नाकारलेलं. आणि आतून, रोज थोडं थोडं, चाटून पुसून खाल्लेलं.

ती रीत मला चांगली माहीत होती. निंबाखालची माती मीही अशीच हातानं सारखी करून ठेवायचे.

मी हसायला लागले. हसता हसता थांबले, कारण काळ्या फडक्यातून आवाज आला. टुक. टुक-टुक. कानातलं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं होतं.

"हाव, आत्याबाई," मी म्हटलं, आणि काडीवर थेंब घ्यायला साखरेचा डबा उघडला.